तीस किलो कमी पडलेले कॅप्टन

बेलोऱ्याच्या विमानतळावर प्रवासी विमान उतरायला लागल्यापासून अमरावतीत मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "साहेब, तिकीट भेटन का?" जसं काही रिटायर होताना मी चार सीटा सोबत घेऊन आलोय. दुसरा प्रश्न आईबापांचा असतो. "पोट्टं पायलट व्हतो म्हन्ते. बारावीले फिजिक्स हाये. अजून काय लागते?"

पूर्वी मी पाठ उत्तर द्यायचो. डोळे चांगले हवेत, गणित हवं, दोनशे तासांचं उड्डाण करून परवाना काढावा लागतो. हल्ली म्हणतो, "उडवायला येईल हो शिकता. नोकरीचं मात्र मी सांगू शकत नाही." त्यांना वाटतं, साहेब टाळून राहिले.

संपादकांनी मला वादळात सापडलेल्या विमानावर लिहायला सांगितलं होतं. एकतीस वर्षांत वादळं भेटली, पण त्यांतून कसं निघायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं आणि आम्ही तसे निघालो. मला खरा घाम फुटला तो जमिनीवर, थंड हवेच्या खोलीत, एका लांब टेबलाशी. नोकरीच्या शेवटच्या नऊ वर्षांत विमान उडवता उडवता मी कंपनीच्या वैमानिक निवड समितीवरही बसत होतो. अर्ज बघायचे, लॉगबुक तपासायची, मुलाखती घ्यायच्या. त्यातली एक गोष्ट मी आजवर घरीही धड सांगितलेली नाही.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. वैमानिकाची सगळी कमाई त्याच्या लॉगबुकात असते. कोणत्या दिवशी कोणतं विमान, कुठून कुठे, किती तास, मुख्य म्हणून की सहायक म्हणून, सगळं त्यात लिहायचं. मोठ्या विमानात दोघं बसतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. कंपनीला कॅप्टन हवा असेल तर जाहिरातीत नुसते तास मागत नाहीत, कोणत्या विमानावरचे तास तेही मागतात. पाच हजार सातशे किलोंपेक्षा जड विमानं वेगळ्या पंगतीत बसतात. आमच्या कंपनीची अट होती की कॅप्टन म्हणून यायचं तर या जड विमानांवर मुख्य वैमानिकाचे हजार तास हवेत. सहवैमानिक म्हणून यायचं तर तास कमी चालतील, पण वय पंचेचाळीसच्या आत हवं.

ऐकायला ठीक वाटतं. मलाही वाटायचं.

अटी उगाच नसतात, हे मी स्वतः पाहिलंय. समितीवरच्या पहिल्याच वर्षी माझ्यासमोर उत्तरेकडचे एक गृहस्थ आले. सहा हजार तास, सगळे लहान विमानांवर, बहुतेक एकट्याने. मिशा अशा की टेबलच दबून जावं. मी म्हटलं, एवढा अनुभव आहे, अटीत थोडं इकडेतिकडे करून बघू या. मीच हट्ट धरला. त्यांना सिम्युलेटरमध्ये बसवलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच हलणारं खोटं विमान, त्यात आग लावता येते, इंजिन बंद पाडता येतं, माणूस मरत नाही. इंजिन बंद पाडल्यावर शेजारचा सहवैमानिक तीनदा ओरडला, "सर, चुकीचं इंजिन बंद करताय!" गृहस्थांनी ऐकलंच नाही. इतकी वर्षं शेजारी बोलणारं कुणी नव्हतंच ना. चालतं ते इंजिन बंद करून त्यांनी आम्हा सगळ्यांना खोट्या खोट्या शेतात नेऊन आपटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मशीन में कुछ गड़बड़ है."

त्यानंतर मी अटींबद्दल तोंड उघडणं बंद केलं.

आता ढोरे सर. कॅप्टन नारायण ढोरे, राहणार बडनेरा. वडील रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे. सर माझ्यापेक्षा पाच वर्षांनीच मोठे, पण मला उडवायला त्यांनी शिकवलं. अकोल्याच्या बाजूला तेव्हा एक लहानसा फ्लाइंग क्लब होता. दोन विमानं, त्यांतलं एक कायम दुरुस्तीला. मी तेल्हाऱ्याकडच्या माळ्याचा पोरगा. आमच्याकडे वांगी, मिरची आणि थोडा झेंडू. वडिलांनी मला विचारलेला एकमेव तांत्रिक प्रश्न होता, "त्याले गेर असतेत का?" अशा घरातल्या पोराला सरांनी आपल्या स्कूटरवर मागे बसवून धावपट्टीवर नेलं, डबा दिला, इंग्रजीतले नियम वऱ्हाडीत समजावून सांगितले. वारा आडवा असला की विमान कसं उतरवायचं ते त्यांनी मला काळ्या जमिनीत ओल्या वाटेने सायकल चालवायला लावून शिकवलं. "हॅन्डल एका बाजूले, जाणं दुसऱ्या बाजूले. जमते का नाही? मंग वर बी तसंच."

देशात नव्या विमान कंपन्या निघाल्या तेव्हा पहिली मोठी जाहिरात आली. जाहिरात सरांनीच मला दाखवली. मी सत्तावीसचा, ते बत्तीसचे. दोघांचेही तास पुरत होते. मी दोन अर्ज आणले. सरांनी माझा भरून घेतला, स्वतःचा कोराच ठेवला.

"तुमी काहून नाई भरत?" मी विचारलं.

"आठ पोट्टे अर्ध्यात हायेत, गजू. क्लबात मास्तर मी एकटा. मी गेलो तं ह्यायचे लायसन्स कोन पुरे करन? तू जाय. मी पुढच्या वर्सी येतो."

पुढच्या वर्षी भरती निघालीच नाही. तीन वर्षांनी निघाली तेव्हा नवख्यांसाठी वयाची अट पस्तीस होती आणि सर नुकतेच छत्तिसाव्यात गेले होते. मग क्लब बंद पडला. सरांनी कापसावर फवारणीची विमानं उडवली, नागपूरहून नऊ सीटांच्या दोन इंजिनी विमानात उद्योगपती, पुढारी आणि रुग्ण नेले. स्ट्रेचरवरच्या माणसाला धक्का लागू नये म्हणून विमान कसं टेकवायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत असेल असं मला वाटत नाही. माझं लग्न झालं, मी मोठ्या विमानांवर गेलो, कॅप्टन झालो, फ्लॅट घेतला. दिवाळीला बडनेऱ्याला गेलो की सर माझ्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांवरून बोट फिरवायचे आणि वहिनींना म्हणायचे, "शोभा, आपल्या गजूले च्या कर. कॅप्टन हाय तो."

मी पन्नाशीचा असताना कंपनीने सत्तर सीटांची पंख्यांची विमानं घेतली, लहान शहरांसाठी. कॅप्टन तातडीने हवे होते. जाहिरात निघाली आणि एका सकाळी टेबलावर आलेल्या गठ्ठ्यात मला ओळखीचं अक्षर दिसलं. सर आजही अर्ज शाईच्या पेनाने भरतात. एकूण तास नऊ हजार शंभर. अपघात शून्य. वय पंचावन्न.

भरती विभागाच्या प्रमुख देवयानी मॅडम होत्या. पुण्याच्या, पस्तिशीच्या, कामाला चोख. त्यांनी अर्जावर लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली होती.

"हे नाही बसत, सर. यांचं सगळ्यात जड विमान पाच हजार सहाशे सत्तर किलोंचं आहे. आपली अट पाच हजार सातशेच्या वरची."

"म्हणजे तीस किलो कमी."

"हो. आणि सहवैमानिक म्हणून घ्यावं तर वय दहा वर्षांनी जास्त."

मी कागदाकडे बघत राहिलो. तीस किलो! तेल्हाऱ्याच्या बाजारात एक बाई तेवढा कापूस डोक्यावर घेऊन उभी राहते. कॅप्टन व्हायला माझ्या गुरूंचं विमान हलकं पडत होतं आणि सहवैमानिक व्हायला वय जड. ज्या वर्षांनी त्यांना नऊ हजार तास दिले, त्याच वर्षांनी दारही लावून घेतलं होतं.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात देवयानी मॅडमनी प्रत्येक बैठकीत विचारायचा तो प्रश्न विचारला. "आजच्या उमेदवारांपैकी कुणी समितीतल्या कुणाच्या जवळच्या ओळखीचं आहे का?" हा प्रश्न त्या यादीवर टिक करत, वर न बघता विचारायच्या. कुणी उत्तर देत नसे.

मी गप्प बसू शकलो असतो. खोलीत कुणालाही माहीत नव्हतं. गप्प बसून मी वाद घातला असता, समितीत माझ्या शब्दाला वजन होतं, कदाचित निभावलंही असतं.

"आहे," मी म्हटलं. "कॅप्टन ढोरे माझे गुरू आहेत."

नियमाप्रमाणे मला त्या अर्जापुरतं बाहेर जावं लागलं. व्हरांड्यात पाण्याच्या मशीनजवळ उभा राहिलो. कागदी पेला भरला, प्यायलो नाही. चार मिनिटांत दार उघडलं आणि मला आत बोलावलं. सरांचा अर्ज डावीकडच्या, नाकारलेल्यांच्या गठ्ठ्यात गेला होता. त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलू शकणारा एकच माणूस होता, आणि तो बाहेर पाणी घेऊन उभा होता.

संध्याकाळी मी फोन केला. कंपनीचं पत्र जाण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. कारण सांगितलं. पलीकडून रेल्वेचा भोंगा ऐकू आला.

"तीस किलो?" सर म्हणाले. "अबे, मी पोटभर जेवून बसलो असतो तं एवढं भरलं असतं!"

ते हसले. मला हसू आलं नाही. मी सांगून टाकलं की मी ओळख जाहीर केली आणि मला बाहेर जावं लागलं. नसतं सांगितलं तर कदाचित काही झालं असतं.

सर एकदम गंभीर झाले. "नसतं सांगतलं अन् मी आत आलो असतो, तं मले मरेपर्यंत वाटलं असतं का गजूच्या वशिल्यानं आलो. तू बरं केलं. आता फोन ठेव, बिल कायले वाढवतं."

त्यांनी बरं केलं म्हटलं, तरी मला बरं वाटलं नाही. आठवडाभर मी चिडचिडा होतो. मग सुट्टीच्या दिवशी बसून कंपनीला दोन पानी टिपण लिहिलं. सरांचं नाव त्यात कुठेही घातलं नाही. लिहिलं ते एवढंच, की अट माणसाची पारख करायला आहे, आणि किलोंनी व वयाने ती पारख होत नाही. लहान विमानांवर भरपूर तास असलेल्यांना सरळ कॅप्टन करू नका, मिशावाले गृहस्थ माझ्याही लक्षात आहेत. पण त्यांना वयाची आडकाठी न घालता आधी सिम्युलेटरमध्ये तपासा. कसोटीला उतरले तर सहवैमानिक म्हणून घ्या, आणि मग इतरांसारखंच रांगेतून कॅप्टन होऊ द्या. नाही उतरले तर घरी पाठवा.

टिपण देवयानी मॅडमकडे गेलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, एकासाठी नियम वाकवला तर उरलेल्यांना मी काय तोंड दाखवू?"

"एकासाठी नको. सगळ्यांसाठी बदला."

दहा दिवसांनी त्यांनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. मागच्या तीन भरतींत याच दोन अटींच्या मधे अडकून परत गेलेल्यांचे अर्ज त्यांनी एकेक करून शोधले होते. त्यात शिक्षक होते, फवारणीवाले होते, मुलांसाठी काही वर्षं थांबलेल्या दोन बायका होत्या. "मी यातल्या प्रत्येकाला 'क्षमस्व' लिहून पाठवलंय," त्या म्हणाल्या. "सही माझी आहे." फाइल घेऊन वरच्या साहेबांकडे त्या स्वतः गेल्या. मी मागून गेलो. श्रेय द्यायचं तर ते त्यांचं आहे.

मंजुरी यायला दीड वर्ष लागलं. आधी पाच जणांवर प्रयोग करायचा ठरला. चिठ्ठ्या न टाकता सगळ्यांत जास्त तासवाल्या पाच जणांना बोलावलं आणि त्यांत सर दुसरे होते. माझं काम तिथे संपलं, पुढच्या परीक्षेत मला बसता येणार नव्हतं.

बातमी सांगायला मी बडनेऱ्याला गेलो. मनात धाकधूक होती. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला, ज्याने निम्म्या विदर्भातले वैमानिक तयार केले, त्याला सांगायचं की तुम्ही सहायक म्हणून उजवीकडे बसा, डावीकडे कदाचित तिशीतला कॅप्टन असेल. मी चार वेळा शब्द फिरवले.

सरांनी मधेच थांबवलं. "तुले वाईट कायचं वाटून राहिलं रे? शिकवणारा कोन्त्या बाजूले बसते?"

"उजवीकडे."

"मंग? सारी जिंदगी उजवीकडंच बसलो मी. आता त्याचा पगार भेटन."

पुढचे दोन महिने त्या घरात जे चाललं ते मी चार-पाच वेळा जाऊन पाहिलं. मोठ्या विमानात सगळं पडद्यांवर असतं, बटणं दाबून यंत्राला आधी सांगावं लागतं. सरांना त्या यंत्राचा राग यायचा. "हे डबडं मले इचारते, तुमाले नक्की वळायचं हाये का? अबे, वळायचं नसतं तं कायले दाबलं असतं?" कंपनीच्या जाड पुस्तकातल्या याद्या पाठ कराव्या लागत. शोभावहिनी ओट्याशी मेथी निवडता निवडता त्यांची उजळणी घ्यायच्या. पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं. दहावी शिकलेली बाई, पण इंग्रजी शब्द खणखणीत वाचायच्या. सरांचं एक उत्तर चुकलं की म्हणायच्या, "अहो, आग लागली हाये विमानाले. इचार करत काय बसले?"

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या शहराचं उड्डाण मागून घेतलं होतं. निकाल देवयानी मॅडमनी कळवला. पाचांपैकी तीन उत्तीर्ण. एकाने मधेच सोडून दिलं, एक नापास झाला. सर उत्तीर्ण, पण पडद्यावरच्या कामात जेमतेम. आणखी वीस तासांचा सराव लावला होता. तपासनिसाच्या शेऱ्यातलं एक वाक्य मॅडमनी मला वाचून दाखवलं. विमानाने जमीन सोडताच इंजिनाला आग लावली तेव्हा उमेदवाराने पहिल्यांदा शेजाऱ्याला विचारलं, तुला काय दिसतंय?

मी फोन ठेवला आणि हॉटेलच्या खोलीत एकटाच बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिलो.

सर अडीच वर्षं सहवैमानिक राहिले. तिशीतल्या कॅप्टनांना "सर" म्हणायचे, आणि तेही यांना "सर" म्हणायचे, त्यामुळे कॉकपिटमध्ये कोण कुणाशी बोलतंय असा घोळ व्हायचा म्हणे. मग साठीच्या उंबरठ्यावर त्यांच्या खांद्यावर चौथी पट्टी आली. पासष्टला नियमाने थांबावं लागतं. म्हणजे पाचच वर्षांची कॅप्टनकी. बत्तिसाव्या वर्षी तो कोरा अर्ज भरला असता तर तीस वर्षांची झाली असती. हा हिशेब मी त्यांच्यासमोर एकदाच मांडला. ते म्हणाले, "त्या आठांपैकी सहा पोट्टे आज उडवून राहिले. ते बी धर ना." मी धरतो. तरी माझं गणित सुटत नाही. नियम बदलला हे चांगलं झालं, पण तो इतकी वर्षं चुकीचा होता आणि त्या वर्षांत किती ढोरे परत गेले ते कोणत्याच फाइलीत नाही.

मी निवृत्त झालो त्या हिवाळ्यात शोभावहिनींना घेऊन मुंबईहून नागपूरला सरांच्या विमानाने आलो. त्या कधीच नवऱ्याच्या विमानात बसल्या नव्हत्या. फवारणीच्या विमानात जागा नसते आणि उद्योगपतीच्या विमानात बायको नेता येत नाही. त्यांनी मोतिया रंगाचं जड नऊवारी लुगडं नेसलं होतं आणि खिडकीची सीट मला दिली होती, "मले खाली नाई पाहायचं" म्हणून. सरांची घोषणा झाली, सावकाश, आधी इंग्रजीत, मग मराठीत. वहिनी ऐकत राहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरी तं एवढं गोड कधी बोलत नाईत."

नागपूरला विमान इतकं हलकं टेकलं की मागच्या रांगेतले एक म्हातारे बाबा अजून वरच असल्यासारखे खुर्चीला धरून बसले होते. उतरताना सर दारापाशी उभे होते. शेजारी त्यांच्या सहवैमानिक, पन्नासाव्या वर्षी त्याच नव्या नियमाने आलेल्या, देवयानी मॅडमच्या फाइलीतल्या दोघींपैकी एक. बाबांनी सरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुमीच चालवलं का? लय मस्त उतरवलं, बापू. जुना मानूस तो जुना मानूस."

"मी नाई," सर म्हणाले आणि बाजूला सरकले. "उतरवलं या मॅडमनं."

बाबांनी मॅडमना हात जोडले आणि पुढे गेले. वहिनी तिथेच थांबल्या. मागे रांग खोळंबली होती.

"मंग तुमी काय करत होते?" त्यांनी विचारलं.

"मी?" सर म्हणाले. "मी हात मांडीवर ठेवून गप बसलो होतो. लय अवघड काम असते ते."